पेटीशेजारची गिटार : रेकॉर्डिंगसाठी गिटार आणि अॅम्प कसा निवडायचा

सोलापुरात गड्ड्याची यात्रा जानेवारीत असते. तिच्या आधीच्या काही आठवड्यांत माझ्या स्टुडिओत सिद्धरामेश्वरांच्या भक्तिगीतांची रेकॉर्डिंगं येतात. अशाच एका गाण्याला कॉलेजातला एक मुलगा गिटार घेऊन आला होता. मोठ्या पोटाची, नवी कोरी गिटार, तारा आदल्या दिवशी बदललेल्या. मायक्रोफोनपुढे बसून त्याने पहिला कॉर्ड छेडला आणि खोली भरून गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पेटी सुरू झाली, ढोलकीचा ठेका आला, गायकाने मुखडा उचलला आणि पाच मिनिटांपूर्वी इतकी सुंदर वाटलेली तीच गिटार नुसता गोंधळ घालू लागली. शब्द कळेनात. पेटी कुठे संपते आणि गिटार कुठे सुरू होते तेही कळेना. गिटारचा आवाज खाली घेतला, तर तारांवरची खरखर तेवढी उरली.

"सर, एकटी तर लई भारी वाजालती की," मुलगा म्हणाला.

त्याचं खरंच होतं. एकटी ती उत्तमच वाजत होती. पण रेकॉर्डिंगमध्ये गिटार एकटी नसते, आणि गिटार निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. दुकानात, घरात, मित्रांच्या बैठकीत आपण गिटार एकटी ऐकतो आणि तीच मनात ठेवून स्टुडिओत येतो. तिथे तिला पेटी, ढोलकी, टाळ आणि माणसाचा गळा यांच्या दाटीत जागा शोधायची असते. म्हणून 'कोणती गिटार चांगली' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की या गाण्यात कोणती जागा रिकामी आहे?

ही जागा म्हणजे काय, ते जरा आकड्यांत बघू. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ८२ कंपनं होतात, सगळ्यात बारीक मोकळी तार ३३० च्या आसपास कंप पावते. पुरुष गायकाचे बरेचसे सूर साधारण १०० ते ४०० कंपनांच्या पट्ट्यात असतात. पेटीवरची साथही बहुतांशी तिथेच फिरते. त्यात मोठ्या पोटाच्या गिटारच्या आतली हवा स्वतःच सेकंदाला १०० कंपनांच्या आसपास घुमते, त्या घुमण्यालाच आपण 'भरदार' म्हणतो. म्हणजे गायक, पेटी आणि गिटार, तिघंही एकाच बाकावर बसायला आले. आवाज कमी-जास्त करून ही दाटी सुटत नाही. कुणाला तरी दुसऱ्या बाकावर बसवावं लागतं. गायकाला हलवता येत नाही, पेटी त्या गाण्याचा कणा होती. हलणार ती गिटारच.

आम्ही दोन गोष्टी केल्या. गाणं काळी एक पट्टीत होतं. मुलगा पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या पट्टीवर, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी कॉर्डच्या आकाराने वाजवत होता, म्हणजे सगळं खालच्या अंगाला. कॅपो चौथ्या फ्रेटवर नेला आणि ए कॉर्डचे आकार धरायला सांगितले. पट्टी तीच, पण सूर वर सरकले आणि खर्जातली गर्दी कमी झाली. तरीही पोटाचा घुमारा होताच. मग माझ्याकडची एक लहान अंगाची गिटार काढली. तिच्यावर मी मुद्दाम बारा-तारी गिटारच्या संचातल्या बारीक तारा चढवून ठेवलेल्या असतात. खालच्या चार जाड तारांच्या जागी त्याच सुरांच्या, पण एक सप्तक वरच्या. वरच्या दोन तारा नेहमीच्याच. ही गिटार एकटी ऐकली तर खेळण्यातली वाटते. पेटीच्या शेजारी मात्र ती चांदीच्या घुंगरांसारखी वर तरंगते, शब्दांना धक्का लावत नाही आणि टाळांशी छान जुळते. हा प्रयोग स्वस्त आहे. बारा तारांचा एक संच आणि घरात पडून असलेली कुठलीही बरी गिटार, एवढ्यावर भागतं.

याच्या उलट, गाण्यात नुसता गळा आणि गिटार असेल, एखादं भावगीत किंवा स्वतः रचलेलं साधं गाणं, तर तीच मोठ्या पोटाची गिटार हवी. तिथे खर्जही गिटारनेच द्यायचा असतो, लयही तिनेच धरायची असते. बोटांनी नाजूक छेडायचं असेल तर मध्यम अंगाची गिटार मोठीपेक्षा बरी, कारण तिच्यात सहाही तारा सारख्या तोलाने बोलतात. नायलॉनच्या तारांची गिटार लोक विसरतात. पण कमी आवाजात, हळुवार गाणाऱ्या बाईच्या गळ्याला तिच्याइतकी मऊ साथ स्टीलच्या तारा देत नाहीत.

आता सुराबद्दल, कारण आपल्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये हा घोळ फार होतो. पेटीच्या आतल्या धातूच्या पट्ट्या कानशीने घासून सुरात आणाव्या लागतात, ऐनवेळी ते होत नाही. गिटार दोन मिनिटांत लागते. म्हणून गिटारने पेटीला मिळवून घ्यायचं, पेटीने गिटारला नाही. ट्यूनरवर बहुतेक वेळा ए या सुराला ४४० कंपनांचा आधार धरलेला असतो. पेटीचा तोच सूर ४४२ वर असेल, तर दोन्ही एकत्र वाजल्यावर सेकंदाला दोन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकत राहतं. ट्यूनरचा आधार पेटीच्या आकड्यावर न्या आणि मग तारा लावा. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी आणखी एक तपासा. बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर आणि त्याच जागी तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर एक येतात का? येत नसतील तर ती गिटार खाली सुरात आणि वर बेसूर वाजणार. महागड्या गिटारमध्येही हा दोष असतो आणि चांगला कारागीर तो थोड्या वेळात दूर करतो. माझ्या मते नव्या गिटारीवर पैसे घालण्याआधी आहे तिची ही जुळणी करून घ्यावी, नव्या तारा चढवाव्यात. त्यातच निम्मं काम होतं.

सोलापूरच्या हवेचा इथे वेगळा विचार करायला लागतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पार जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. गिटारचं लाकूड साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत सुखात राहतं. आपल्या उन्हाळ्यात ते आपलं पाणी सोडून देतं. मग फिंगरबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन बोटाला टोचतात. वरची फळी बसते, तारा खाली येतात आणि न मागता तानपुऱ्याची जवारी लागल्यासारखा झणझणाट सुरू होतो. उपाय घरगुती आहे. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळलेला ओला स्पंज ठेवा, डबी गिटारच्या पेटीत ठेवा आणि पेटी बंद. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत गिटार ठेवू नका, आतल्या उष्णतेने डिंक सुटून ब्रिज, म्हणजे पोटावरची तारा अडकवलेली पट्टी, उचकटतो. आणि बाहेरून एसीच्या खोलीत आल्या आल्या सूर लावून वाजवायला बसू नका. अर्धा तास गिटार पेटीबाहेर, खोलीत, नुसती राहू द्या. नाहीतर प्रत्येक टेकच्या मध्ये सूर लावत बसावं लागतं आणि गायकाचा रंग जातो.

इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट वेगळी, कारण तिथे पोट आवाज देत नाही. तारांखाली जो पिकअप असतो, त्यात चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची स्टीलची तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. सायकलच्या डायनामोचंच तत्त्व. ही वीज इतकी क्षीण असते की आजूबाजूच्या विजेची गुणगुणही तिच्यात शिरते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून एका वेढ्याच्या, म्हणजे तारेची एकच गुंडाळी (सिंगल कॉइल) असलेल्या पिकअपमध्ये तीच गुणगुण ऐकू येते. त्यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उपाय काढला. अशा दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या, एकीची गुंडाळण्याची दिशा आणि चुंबकाची बाजू दुसरीच्या उलट. तारेचा आवाज दोघींत मिळून वाढतो, विजेची गुणगुण मात्र एकमेकांत फिटते. याला हमबकर म्हणतात. हम म्हणजे गुणगुण, ती अडवणारा.

फरक नुसत्या गुणगुणीचा नाही. एका वेढ्याचा पिकअप लख्ख, टोकदार, बोटांची प्रत्येक हालचाल दाखवणारा असतो. हमबकर जाड, गोलसर आणि जोरकस. फेंडरची टेलिकास्टर आणि १९५४ साली आलेली स्ट्रॅटोकास्टर पहिल्या जातीतल्या, गिब्सनची लेस पॉल दुसऱ्या. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गिटार या तिघींच्याच बहिणी असतात, नाव कुठलंही असो. मी निवड कशी करतो ते सांगतो. कीबोर्ड आणि ढोलकीच्या मधून लय कापत जायला हवी असेल तर टेलिकास्टर, मागचा पिकअप. गाण्याच्या शब्दांखाली सुटे सूर पाण्यासारखे सोडायचे असतील तर स्ट्रॅटोकास्टर, निवडीची कळ दोन पिकअपच्या मधल्या खाचेत. मुखडा आणि अंतरा यांच्यामधला तुकडा एकाच सुरावर लांब रेंगाळणारा, गाणारा हवा असेल तर हमबकरवाली. भीमजयंतीच्या गाण्यात ढोल-ताशा आणि ब्रास यांच्या वर गिटार चढवायची असते, तिथे लोक हमबकर मागतात. माझा अनुभव उलटा आहे. ब्रास आधीच मधली सगळी जागा भरून टाकतं, जाड गिटार त्याच्या आत बुडते. टोकदार पिकअपची गिटार कमी आवाजातही वर दिसते.

गुणगुण मात्र सोलापुरात जरा जास्तच सतावते. पूर्व भागात घराघराला लागून यंत्रमाग आहेत, मोटारी अखंड चालू. मागांचा खटखटाट भिंतीतून येतो आणि मोटारींचा त्रास विजेतून. एका वेढ्याची गिटार अशा ठिकाणी वाजवायची असेल तर एक युक्ती करा. वादकाला खुर्चीवर बसवून हळूहळू गोल फिरवा. एका दिशेला गुणगुण एकदम पडते. तिथे जमिनीवर खडूने खूण करा आणि पूर्ण गाणं त्याच दिशेला तोंड करून वाजवा. ट्यूबलाइट आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद ठेवा. केबल पंधरा-वीस फुटांपेक्षा लांब नको, कारण केबल जितकी लांब तितकी गिटारची वरची चमक तिच्यातच मुरते.

आता अॅम्प, म्हणजे पिकअपमधली क्षीण वीज वाढवून स्पीकरला देणारं यंत्र. इथे सगळ्यात मोठा गैरसमज वॉटचा आहे. मंडपातल्या साउंड सिस्टिमची सवय असल्यामुळे आपल्याला वाटतं, १०० वॉटचा अॅम्प म्हणजे १० वॉटच्या दहापट आवाज. तसं नसतं. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. म्हणजे तोच स्पीकर असेल तर १०० वॉटचा अॅम्प १० वॉटच्या फार तर दुप्पट वाटेल, आणि ५० व १०० यांतला फरक तर ३ डेसिबलचा, जेमतेम जाणवेल इतका.

मग मोठा अॅम्प का नको? त्याचं उत्तर व्हॉल्व्हमध्ये आहे. जुन्या रेडिओत जे काचेचे, लाल होणारे दिवे असायचे, तेच व्हॉल्व्ह गिटारच्या कित्येक अॅम्पमध्ये अजून आहेत. व्हॉल्व्हवर थोडाच भार असला की आवाज स्वच्छ येतो. भार वाढत गेला की लाटेचं वरचं टोक हळूहळू चपटं होऊ लागतं आणि सुरात एक कडवट-गोड धार येते. वादक हलकं वाजवेल तर स्वच्छ, जोरात छेडेल तर फाटतं, असा हा काठ असतो. रेकॉर्डिंगला हवा असतो तो हाच काठ. ५ वॉटचा अॅम्प छोट्या खोलीतही त्या काठावर येतो. १०० वॉटचा यायला आवाज इतका वाढवावा लागतो की मायक्रोफोन, भिंती, खिडकीची तावदानं आणि शेजारी, सगळेच कुरकुरतात. एकदा एका बँडने मोठा अॅम्प आणि चार स्पीकरचं कपाट टेम्पोतून आणलं. खोलीत जागा नव्हती, आवाज दोनाच्या वर नेता येत नव्हता, आणि दोनवर तो अॅम्प मरगळलेला वाजत होता. शेवटी कोपऱ्यातला माझा छोटा अॅम्प सातवर ठेवून वाजवलं. गाण्यात ती गिटार कपाटाएवढी मोठी ऐकू येते, कारण मायक्रोफोनला अॅम्पचा आकार दिसत नाही.

अॅम्पचे स्वभाव ढोबळमानाने तीन. फेंडरच्या वळणाचे अॅम्प मधला भाग थोडा मागे ठेवतात, खाली-वर स्वच्छ आणि मोकळे असतात. गायकासाठी मधली जागा आपोआप सुटते, म्हणून गाण्याच्या साथीला माझी पहिली पसंती हीच. व्हॉक्सच्या एसी३० च्या वळणाचे अॅम्प वरच्या सुरांत घंटेसारखे किणकिणतात, सुट्या सुरांच्या छेडीला ते फार शोभतात. मार्शलच्या वळणाचे अॅम्प मधल्या भागात गुरगुरतात, रॉकला तेच हवं. चौथा वेगळ्याच जातीचा, १९७५ साली आलेला रोलँडचा जॅझ कोरस. त्यात व्हॉल्व्ह नाहीतच, ट्रान्झिस्टरवर चालतो आणि आवाज आरशासारखा स्वच्छ. व्हॉल्व्ह म्हणजे श्रेष्ठ आणि ट्रान्झिस्टर म्हणजे हलका, हे मी मानत नाही. स्वच्छ साथ हवी असेल तर चांगला ट्रान्झिस्टरचा अॅम्प कमी कटकटीचा. व्हॉल्व्हचा अॅम्प वापरणार असाल तर तो पंधरा-वीस मिनिटं आधी तापू द्या, आणि स्पीकरची वायर काढलेली असताना तो कधीही चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. परदेशातून, त्यातही अमेरिकेहून कुणी अॅम्प आणला असेल तर तो १२० व्होल्टचा आहे का हे मागची पट्टी वाचून पाहा. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावला की संपला.

धार किती ठेवायची, यावर एकच सांगतो. घरी सराव करताना जेवढी ठेवता त्याच्या निम्मी ठेवा. धार वाढली की सुरांचा चढउतार सपाट होतो, ठेका बोथट होतो आणि गुणगुणही वाढते. गाण्यात गिटार जाड हवी असेल तर धार न वाढवता तोच भाग दोनदा वाजवून घ्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि जमलं तर दुसऱ्या वेळी गिटार किंवा पिकअप बदलून. पहिल्या टेकचीच नक्कल दुसऱ्या बाजूला चिकटवली तर काहीच रुंद होत नाही. दोन खऱ्या वाजवण्यांत जे केसाएवढं अंतर पडतं, त्यातूनच ती रुंदी येते.

अॅम्प निवडला की मायक्रोफोन कुठे ठेवायचा हा अर्धा निर्णय अजून बाकी असतो. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासूनचा साधा, दणकट मायक्रोफोन या कामाला पुरेसा आहे. स्पीकरच्या जाळीपासून एखाद्या इंचावर, स्पीकरच्या कागदी शंकूच्या मधोमध धरला की आवाज टोकदार येतो. मधून कडेकडे सरकवत नेला की गोल आणि मऊ होत जातो. दोन बोटं सरकवल्यावर जो फरक पडतो तो अॅम्पवरची बटणं फिरवून पडत नाही. म्हणून मी वादकाला वाजवत ठेवतो, कानांना हेडफोन लावतो आणि बोटा-बोटाने मायक्रोफोन सरकवतो. जागा सापडली की मायक्रोफोनच्या स्टँडच्या पायांपाशी खुणेची चिकटपट्टी. दोन मायक्रोफोन लावायचा मोह सुरुवातीला टाळा. दोघांच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक पडला तर १००० कंपनांच्या आसपासचा आवाज एकमेकांत फिटतो आणि गिटार पोकळ होते. पोट असलेल्या गिटारला मायक्रोफोन भोकापुढे ठेवू नका, तिथे सगळा घुमारा असतो. मान जिथे पोटाला मिळते, त्याच्या समोर एक वीतभर अंतरावर ठेवा.

खोलीबद्दल आपल्याला एक गोष्ट फुकट मिळाली आहे. शहाबादी फरशीवर आवाज टाळी मारल्यासारखा परत येतो, गिटारला त्यातून थोडी झळाळी मिळते, पण मागच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी मारून टाकावा लागतो. त्यासाठी आपली सोलापुरी चादर. भिंतीला चिकटवून नव्हे, भिंतीपासून वीतभर पुढे, दोरीवर, दुहेरी घडी घालून टांगा, चुण्या पडू द्या. हवेचा थर मागे राहिला की तीच चादर जास्त आवाज पिते. पण तिच्याकडून खर्ज आवरण्याची अपेक्षा नको. गिटारच्या जाड तारेच्या लाटेची लांबी चार मीटरच्या वर असते, तिला कापड म्हणजे काहीच नाही. तिथे कोपऱ्यात उभ्या केलेल्या कापसाच्या जाड गाद्या लागतात. अॅम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा, फरशीतून येणारा गडगडाट कमी होतो.

आणि आता एक गोष्ट, जिच्यात तडजोड नाही. जुन्या वाड्यांत आणि पत्र्याच्या खोल्यांत तीन खाचांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या खाचेला अर्थिंगच नसतं. गुणगुण कमी होते म्हणून काही जण अॅम्पच्या प्लगची तिसरी पिनही काढून टाकतात. गिटारच्या तारा आतून अॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसलेल्या अॅम्पच्या सांगाड्यात वीज उतरली, वादकाचा हात तारांवर आहे आणि त्याचा ओठ दुसऱ्या, नीट अर्थिंग असलेल्या यंत्राच्या मायक्रोफोनला लागला, तर सगळी वीज त्याच्या छातीतून जाते. माणसं यात दगावली आहेत. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला अशाच एका सरावाच्या जागी ओठाला झटका बसला होता, पुढचे दोन दिवस त्याला ओठ हलवता येत नव्हता. कुठल्याही नव्या जागी गेलात तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि पिन काढलेला प्लग दिसला तर ते रेकॉर्डिंग थांबवा. गुणगुणीला दुसरे उपाय आहेत.

ज्यांच्याकडे अॅम्पच नाही त्यांनी अडून बसायची गरज नाही. गिटार थेट इंटरफेसच्या (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) गिटारसाठीच्या खास इनपुटला लावा. साध्या लाइन इनपुटला लावली तर आवाज मेलेला येतो. संगणकात अॅम्पचं सॉफ्टवेअर लावा. एक मात्र पाळा. खरा गिटार स्पीकर सेकंदाला ५००० कंपनांच्या वरचा आवाज झपाट्याने खाली आणतो. सॉफ्टवेअरमधला स्पीकरचा भाग बंद राहिला तर धारदार गिटार गांधीलमाश्यांच्या पोळ्यासारखी वाजते, आणि लोक दोष गिटारला देतात. खरा अॅम्प असला तरीही मी डीआय बॉक्समधून (अॅम्पला वळसा घालून गिटार थेट रेकॉर्डिंगकडे नेणाऱ्या डबीतून) कोरी गिटार वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेवतोच. वादन उत्तम झालं आणि अॅम्पची निवड चुकली, तर तोच ट्रॅक रात्री दुसऱ्या अॅम्पमधून सोडता येतो, मुलाला पुन्हा बोलवावं लागत नाही.

शेवटची निवड मी डोळ्यांनी होऊ देत नाही. गड्ड्याच्या त्या गाण्यालाही हेच केलं. मुखड्याच्या आठ मात्रांचे तीन तुकडे घेतले : मोठी गिटार पहिल्या फ्रेटच्या कॅपोवर, तीच चौथ्या फ्रेटच्या कॅपोवर, आणि बारीक तारांची छोटी. तिघांचा आवाज अगदी सारखा करून ठेवला, कारण जो तुकडा जरासाही मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो. चिठ्ठ्यांवर नुसते एक, दोन, तीन लिहिले आणि पेटी, ढोलकी, गळा यांच्यासकट गायकाला ऐकवले. कोणत्या तुकड्यात कोणती गिटार, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, मुलालाही नाही. गायक डोळे मिटून दोनदा ऐकत राहिला. मुखड्याला त्याने तिसरी चिठ्ठी उचलली. अंतऱ्यात ढोलकी थांबते आणि पेटी एकच सूर धरून राहते, तिथे मात्र दुसरी मागितली. मुलाने आपली मोठी गिटार पुन्हा हातात घेतली, कॅपो चौथ्या फ्रेटवर आवळला, पेटीवाल्याकडे सूर मागितला आणि तारा लावायला बसला.